गवताची एकच गंजी

बोधनकर काका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा श्रीखंडाची वाटी उचलून सरळ मागच्या दाराने उन्हात गेले. परत येऊन माझ्या बायकोला म्हणाले, "केशर आत वेगळं दिसतं, बाहेर वेगळं. रिजेक्ट!" आणि मग तेच श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

ट्रॉय या अमेरिकन गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या या नागपूरच्या गृहस्थांनी उभी हयात मोटारींच्या रंगखात्यात काढली. गाडीचं दार आणि बॉनेट उन्हात, सावलीत, दिव्याखाली एकाच रंगाचं दिसतं की नाही, एवढंच बघायचं. नाही दिसलं तर रिजेक्ट. नोकरी संपली, सवय राहिली. माझे शर्ट, आमचा सोफा, देवळातल्या गणपतीचं सोवळं, सगळं आजवर रिजेक्ट झालेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी ते काकूंना घेऊन शिकागोचं म्युझियम बघायला गेले. तिथे कुणा जुन्या फ्रेंच चित्रकाराने गवताची तीच ती गंजी सकाळी, दुपारी, बर्फात, पुन्हा पुन्हा रंगवून ठेवली होती. परतल्यावर काका बॅग घरात टाकायच्या आधी माझ्या दारात. "अरे, माल एकच, आणि दर लाइटला वेगळा! मी ज्याला रिजेक्ट करायचो, ते लोक तिकीट काढून बघतात नं!"

आठवडाभरात त्यांनी तैलरंग आणले. मी हसलो. हसायला नको होतं, कारण काकांनी गाडी चालवणं सोडलं होतं आणि माझ्याकडे मोठी गाडी होती.

आधी गंजी शोधायची. इथले शेतकरी गवत गुंडाळून पांढऱ्या प्लास्टिकमध्ये बांधतात. काकांना प्लास्टिक चालेना. गवत उघडं रचणारा एक म्हातारा गोरा शेतकरी सापडेपर्यंत माझ्या उन्हाळ्यातले सगळे शनिवार गेले. सापडल्यावर त्याची गंजी पाहून काका कपाळाला हात लावून म्हणतात, "डावीकडे झुकली आहे." मी म्हटलं, "काका, मी घरी निघालो." तेव्हा कुठे पास झाली.

त्यांची पद्धत अशी. गाडीत सहा कॅनव्हास. एक सुरू करायचा आणि ढग आला की ओरडायचं, "लाइट गेला! चार नंबर दे!" मी चार नंबर देईपर्यंत ऊन परत. "एक नंबर, एक नंबर!" शिकलेला, बायकापोरांचा माणूस मी, त्या शेतात ओले कॅनव्हास घेऊन धावत असायचो. माझ्या मागच्या सीटवर आजही अर्धी गंजी आहे. ती कशानेही निघत नाही.

पंधरा चित्रं झाली. सोळावं पहाटेचं हवं होतं, सूर्य उगवायच्या आधीचं, धुक्यातलं. त्यासाठी तीनदा गेलो. एकदा पाऊस, एकदा धुकंच नाही, आणि एकदा हे पांढरा रंग घरी विसरले. मग शेतकऱ्याचा फोन आला की रविवारी दुपारी गंजी मोडून गाईंना घालणार.

"नाही जमणार, काका," मी सांगून टाकलं. "आठवड्यात तेवढा एकच दिवस मी झोपतो."

"बरं," म्हणाले आणि गेले. एवढं मुकाट्याने जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे मला झोप लागली नाही. रविवारी पाच वाजता खिडकीतून पाहतो तर माझ्या गाडीपाशी कॅनव्हास घेऊन उभे. बेल वाजवली नव्हती, नुसते उभे. मी पायात बूट घातले आणि चडफडत निघालो.

वाटेत मी फटकन विचारलं, "एका गंजीसाठी एवढा जीव कशाला टाकायचा?"

ते बाहेर बघत म्हणाले, "काकूचं विसरणं तुला माहीतच आहे. बोलणंही थांबलं होतं. म्युझियममध्ये ती त्या चित्रासमोर उभी राहिली आणि वडिलांच्या शेताबद्दल बोलायला लागली. सलग, पाच मिनिटं! म्हणून मी गंज्या करतो. दुपारची दाखवली की तिचा भाऊ येतो. संध्याकाळची दाखवली की वडील येतात. सगळे येतात रे. मीच येत नाही."

मी गाडी जरा हळू केली.

"तिला बघायला गेलो तेव्हा पहाटेच पोचलो होतो. इतक्या लवकर दार कसं वाजवायचं? उजाडेपर्यंत त्यांच्या गंजीपाशी उभा राहिलो."

त्या दिवशी धुकं होतं. काकांनी वीस मिनिटांत चित्र संपवलं, एकदाही कॅनव्हास न बदलता. घरी पोचल्यावर ते मी स्वतः आत नेलं आणि काकूंसमोर टेबलावर टोस्टरला टेकवून ठेवलं. काका समोरच्या खुर्चीत हात जुळवून बसले. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

काकू खूप वेळ बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"गंजीमागे कोणी उभं आहे नं," म्हणाल्या. "नागपूरचे पाहुणे आहेत, मला बघायला आलेले. थंडीने नुसते कुडकुडत होते. मी आईला म्हटलं, पोहे राहू दे, आधी चहा नेऊन दे त्यांना."

"मग?" काका खुर्चीत पुढे सरकले.

"मग काय, तिने नाही नेला. मीच नेला. घाईत साखर दोनदा पडली."

"छान झाला होता," काका म्हणाले.