साठ सेंटिमीटरचे तुळपुळे

तुळपुळेकाकांकडे वाटीभर साखर मागायला गेलं, की ते दाराची साखळी न काढता फटीतून म्हणतात, "गरज सिद्ध कर."

मी जर्मनीत एर्लांगेनला संशोधनासाठी आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागले, त्याच आठवड्यात हा प्रसंग माझ्यावर आला. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची ही गोष्ट. परक्या देशात दारावर मराठी आडनाव बघून गहिवरून बेल वाजवली, तर आतून हे वाक्य. मी म्हटलं, चहा करायचाय, साखर संपली, आज रविवार, दुकानं बंद. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "आल्झो, तर मग रविवार हे कारण ग्राह्य आहे," म्हणत त्यांनी साखळी काढली, वाटी भरली आणि चमच्याच्या पाठीने वरचा ढीग पुन्हा डब्यात लोटला. शनिवारी डबे तपासायची सवय लाव, असंही वर ऐकवलं.

ही 'गरज' त्यांनी जर्मन शस्त्रकायद्यातून उचलली होती. तिथे बंदूक बाळगायची, तर आधी तुम्हाला तिची गरज आहे हे सरकारला पटवून द्यावं लागतं. त्याला ते लोक 'बेड्युर्फनिस' म्हणतात. हौस ही गरज धरत नाहीत. काकांना हा शब्द इतका आवडला, की त्यांनी तो सगळ्या संसाराला लावला. नवीन छत्री घेऊ का, भिशीला येणार का, मुलगा हाम्बुर्गहून फोनवर जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलून ठेवून देतो त्याला उलट फोन करू का, सगळ्याला आधी गरज सिद्ध व्हायला हवी. काकू मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात त्यांना विरोधी पक्ष असा उरलाच नव्हता.

आता तुळपुळे आणि शस्त्र हे समीकरण माझ्याही गळी उतरायला वेळ लागला. उंचीने जेमतेम पाच फूट, शर्टाच्या खिशात व्हर्निअर कॅलिपर, आयुष्य विजेच्या मोठ्या कंपनीत टर्बाइनची पाती मोजण्यात गेलेलं. झुरळ दिसलं तर ते कागदावर घेऊन खाली बागेत सोडायचे. पण हा गृहस्थ दर गुरुवारी संध्याकाळी बसने शेजारच्या गावातल्या नेमबाजांच्या क्लबात जायचा. पिस्तूल कायद्याप्रमाणे कुलूपबंद पेटीत, आणि ती पेटी लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानाच्या कापडी पिशवीत. घरी पिस्तुलासाठी पोलादी तिजोरी भिंतीत ठोकून बसवलेली, आणि तिच्यावर देवघर. कारण विचारलं तर म्हणायचे, "गणपती हलत नाही. इथली सगळ्यात भक्कम जागा तीच."

पिस्तूल मूळचं त्यांचं नव्हे. क्लबातले जुने सभासद हेर, म्हणजे श्रीयुत, त्साइटलर यांनी तब्येत बिघडल्यावर नेमबाजी सोडली, तेव्हा काकांनी ते रीतसर आपल्या परवान्यावर चढवून घेतलं होतं. छोट्या गोळीचं, स्पर्धेचं, लाकडी मुठीचं. एका सप्टेंबरात काकांनी जाहीर केलं, की या पिस्तुलाची ते बंदूक करून घेणार. म्हणजे नळी लांब, मागे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता, आणि हे सगळं परवानाधारक कारागिराकडून, सरकारी तपासणी होऊन, परवान्यावर नोंद होऊन. शिवाय हे मेच्या आत व्हायला हवं. मे महिना चुकला तर उपयोग नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं, की मला माझ्या प्रबंधापेक्षा त्या मेचीच काळजी वाटायला लागली.

मेमध्ये क्लबाचा मोठा दिवस असतो. सगळे सभासद नेम धरतात, जिंकेल तो वर्षभराचा राजा. त्याच्या गळ्यात चांदीची जाडजूड साखळी घालतात आणि मग राजाने सगळ्यांना बिअर पाजायची. मी मनात म्हटलं, काकांना राजा व्हायचंय. ती साखळी त्यांच्या गुडघ्यापर्यंत येईल हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते रागावले नाहीत, नुसते "जा, जा" म्हणाले, जर्मन अर्थाने, म्हणजे "हो, हो".

पण मग सरळ एक बंदूक विकत का घेत नाही? हा प्रश्न मी विचारला, कारागिराने विचारला, परवाना कचेरीतल्या बाईंनी तर दोनदा विचारला. त्या बाईंपुढे मी काकांबरोबर गेले होते, कारण काकांना साक्षीदार लागतो. बाईंचं म्हणणं बिनतोड होतं. बंदुका बाजारात आहेत, काकांची सभासदाची वर्षं भरली आहेत, ते घेऊ शकतात. मग असलेलं पिस्तूल मोडून बंदूक करायची गरज काय? जन्मभर दुसऱ्यांना हा प्रश्न घालणारा माणूस स्वतःवर आल्यावर पाच मिनिटं टेबलाच्या कडेकडे बघत बसला. शेवटी म्हणाले, की त्यांना घरात दोन शस्त्रं नकोत, एकच पुरे आहे. कमी शस्त्रं मागणारा अर्जदार बाईंनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी प्रकरण पुढे पाठवलं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. काकांनी पाटावर कॅलिपर, स्क्रू ड्रायव्हर, माझा लॅपटॉप आणि ते पिस्तूल मांडलं, आणि सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. माझ्या लॅपटॉपला जरा बेताने वाहा म्हटलं तसं वाहिलं. पिस्तुलाला मात्र मनापासून. दुसऱ्या दिवशी ते न पुसता तसंच पेटीत ठेवून कारागिराकडे पोचवलं, कारण पूजा झालेलं शस्त्र दसऱ्याच्या दिवशी पुसायचं कसं?

संध्याकाळी कारागिराचा फोन. आयुष्यात त्याने तऱ्हेतऱ्हेचा गंज पाहिला होता, पण पिवळा आणि लाल असा दुरंगी गंज पाहिला नव्हता. काकांनी सांगितलं, की हा गंज नव्हे, वार्षिक देखभाल आहे. कारागीर म्हणाला, देखभालीची पावडर असेल तर तिचं सुरक्षा-माहितीपत्रक लागेल, त्याशिवाय तो पिस्तुलाला हात लावणार नाही. हळदीचं सुरक्षा-माहितीपत्रक कुठून आणायचं? मी धातूंवर संशोधन करत होते, म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं. मी दुकानात जाऊन त्या जाडजूड फ्रँकोनियन, म्हणजे अस्सल त्याच भागातल्या, माणसाला गंभीर चेहऱ्याने समजावलं, की पिवळं आम्ही रोज आमटीत घालतो. त्याने चिमूटभर हळद हुंगली, बायकोला आतून बोलावून तिलाही हुंगवली, आणि मगच ब्रश हातात घेतला. यात आमचे बरेच दिवस गेले.

मग लांबी. त्या कायद्यात बाकीच्या मापांबरोबर एकूण लांबी साठ सेंटिमीटरच्या वर गेली तरच ती लांब बंदूक, नाहीतर ते आखूड शस्त्रच, दस्ता लावा नाहीतर काही लावा. आणि आखूडचे नियम वेगळे, लांबचे वेगळे. काकांनी स्वतः नकाशा काढून दिला होता. कारागिराच्या मोजणीत बंदूक साठच्या वर जात होती, ती दस्त्यामागच्या रबरी चकतीसकट. चकती धरायची की नाही, यावर दोघांनी जो वाद घातला तो ऐकून मला आमच्या विभागाच्या बैठका बऱ्या वाटल्या. काकांचं म्हणणं, स्क्रू काढला की निघते ती वस्तू मापात धरायची नाही. अखेर दस्ता चकतीशिवायच साठच्या वर जाईल इतका लांब करायचं ठरलं. लांब नळीची सरकारी तपासणी झाली, तिच्यावर ठसा उमटला, आणि मेच्या तोंडावर परवान्यावर नोंदही झाली. त्या दिवशी काकांनी आपण होऊन मला साखर आणून दिली, तीही ढिगासकट.

शनिवारी दुपारी त्यांनी पेटी उघडून बंदूक दाखवली. अक्रोडाचं लाकूड, त्याला तेलाची झिलई, देखणं काम होतं. काकांनी ती खांद्याला लावली आणि मला हसू आवरेना, कारण त्यांचं बोट चापापर्यंत पोचतच नव्हतं. शिवाय गाल टेकायचा फुगवटा दस्त्याच्या भलत्याच बाजूला.

"काका, हा दस्ता डावखुऱ्या माणसाचा आहे," मी म्हटलं. "आणि तुम्हाला लांब होतोय. कारागिराने घोळ घातलाय. परत पाठवा."

"गेनाऊ, अगदी बरोबर, डावखुरा आहे," काका शांतपणे म्हणाले आणि फडक्याने लाकूड पुसत राहिले. "उद्या क्लबाचा मोठा दिवस. चल माझ्याबरोबर."

बसमध्ये त्यांनी मला सांगितलं. म्हणजे खिडकीबाहेर बघत, तुटक तुटक सांगितलं. त्साइटलरना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. एका डाव्या हाताने पिस्तूल पेलेना, तेव्हा त्यांनी ते काकांना दिलं आणि क्लबात यायचंच सोडलं. दुसऱ्यांनी मारलेल्या गोळ्या मोजत बसायला आपल्याला जमणार नाही म्हणाले. आता या मे महिन्यात एकदा येऊन, सगळ्यांना बिअर पाजून, सभासदत्व सोडणार असा निरोप त्यांनी धाडला होता. दुसरी बंदूक ते हातात घेणार नाहीत, घेतली तर आपलीच घेतील, एवढं काकांना ठाऊक होतं.

"काकू गेली ना, तेव्हा कंपनीतले लोक फुलं ठेवून गेले," काका म्हणाले. "चिरंजीव दोन दिवस राहिले. हा त्साइटलर माझ्या ओळखीचाही नव्हता, जिन्यात दिसायचा फक्त, तेव्हा तो आपल्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. एका गुरुवारी बेल वाजवून म्हणाला, कोट घाल. मी घातला. मुक्ता, मला बंदुकांचं काही नव्हतं गं. तो पत्ते खेळायला नेता, तर मी पत्ते खेळलो असतो."

क्लबात त्साइटलर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. माणूस उंच, खांदे एका बाजूला कललेले, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. काकांनी काही भाषण वगैरे केलं नाही. नेम धरायच्या जागेवर खुर्ची ओढली, पेटी उघडली आणि नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्साइटलर उठून आले. लांब नळी आणि दस्त्याच्या मधे आपल्या पिस्तुलाची जुनी घडण त्यांनी ओळखली. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

मग ते खुर्चीत बसले. बंदुकीचा पुढचा भार लाकडी टेकूवर, दस्ता डाव्या खांद्याला, डावं बोट चापावर. तरी दस्ता त्यांनाही लांब पडत होता, मान ताणावी लागत होती. मला तेव्हा कळलं, की काकांनी माप घेतलंच नव्हतं. न सांगता करायचं म्हणून त्यांनी आठवणीतल्या त्साइटलरचा दस्ता बनवला होता, आणि आजारात तो माणूस आक्रसून गेला होता. काकांनाही ते त्याच क्षणी दिसलं असावं. आयुष्यभर मापं घेतलेल्या त्या माणसाचा चेहरा पार उतरला.

गोळ्या सुटल्या. कागद जवळ आणला तर भोकं सगळी कडेला, एकही मधे नाही. राजा होण्याचा प्रश्नच नव्हता. त्साइटलरनी कागद हातात धरून खालीवर पाहिला, बंदूक टेबलावर आडवी केली आणि दस्त्याच्या टोकावर दोन बोटं आडवी ठेवून इथल्या गावठी जर्मनमध्ये काकांना म्हणाले, "एवढा कापून आण. गुरुवारी बघू."

दोन बोटं कापली की बंदूक साठच्या आत येणार, म्हणजे पुन्हा आखूड. पुन्हा अर्ज, पुन्हा त्या बाई, पुन्हा तो कारागीर. बाहेर स्टॉपवर येईपर्यंत मी हे सगळं काकांना मोजून दाखवलं. म्हटलं, तुम्ही सप्टेंबरपासून इतके महिने घालवलेत, आणि आता ते सगळं नव्याने. काका पिशवी छातीशी धरून उभे होते. माझं त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

"अगं, तो गुरुवारी येतो म्हणाला," ते म्हणाले. "तूही ऐकलंस ना?"