साथीत न गेलेले मामा

देश जितका प्रगत, तितकी तिथली माणसे साथीत जास्त दगावतात, हे आता आकड्यांनी सिद्ध झाले आहे. प्रगत देशांत लाखामागे तीनशे गेले. आमच्या लाखभर वस्तीच्या गावात चार. (त्यांतले दोघे प्रगत देशातून सुट्टीवर आले होते.)

हे यश आमच्या मृत्युनोंदणी कार्यालयाचे. साथीचा बळी म्हणून नोंद व्हायची तर तपासणीचा अहवाल, डॉक्टरांचा दाखला आणि रुग्णालयात दाखल असल्याचा पुरावा लागे. तपासणी केंद्र सत्तर मैलांवर होते, डॉक्टर रजेवर होते आणि रुग्णालयाचे उद्घाटन व्हायचे होते. त्यामुळे साथीला आमच्याकडे फारसा वाव मिळाला नाही.

दुसऱ्या महिन्यात हेडक्लार्कचे सख्खे मामा गेले. आईवडिलांमागे मामांनीच त्यांना वाढवले, शिकवले, या खुर्चीपर्यंत आणले. आठ दिवस ताप होता; शेवटचे दोन दिवस श्वास पुरेना. भाचा उशाशी बसून वर्तमानपत्राने वारा घालत होता. (पहिल्याच पानावर गावाच्या कमी मृत्युदराचे कौतुक छापले होते.)

चौथ्या दिवशी मामी कार्यालयाच्या खिडकीशी आल्या.

"कारण काय लिहिलंस रे?"

"वार्धक्य."

"बावन्नाव्या वर्षी?"

"आपल्याकडची सरासरीच कमी आहे, मामी."

"तू जवळ होतास ना? डोळ्यांनी बघितलंस ना?"

"बघितलं. पण मी काय डॉक्टर आहे?"

"मग ते म्हातारे झाले होते, हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलं तुला?"

एकोणीस वर्षांच्या नोकरीत हेडक्लार्कना एवढा मुद्देसूद आक्षेप कुणी घेतला नव्हता. त्यांनी वही ओढली, 'वार्धक्य' खोडले, साथीचे नाव लिहिले आणि सही केली. खाडाखोड नियमात बसत नव्हती. अक्षर मात्र वळणदार आले.

मृत्युदर एका सहीने पंचवीस टक्क्यांनी वाढला. ही गोष्ट गावभर झाली आणि दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर रांग लागली. कुणाचा भाऊ अशक्तपणाने गेला होता, कुणाची सासू हवापालटाने, एका शिंप्याची बायको तर 'इतर' या कारणाने. हेडक्लार्क एकेकाला बसवून विचारत, "शेवटी काय होत होतं त्यांना?" आणि लिहून घेत. आठवड्यात आकडा तीनशे बारावर गेला.

वरिष्ठ आधी संतापले, मग त्यांनी प्रगत देशांचा तक्ता काढून पाहिला. गाव त्यांच्या पुढे गेले होते. गावाला तत्काळ 'प्रगत' घोषित करण्यात आले आणि प्रगत गावाला अनुदान कशाला, म्हणून रुग्णालयही रद्द झाले. हेडक्लार्कची बदली झाली. निघण्याआधी ते मामींना नमस्कार करायला गेले. मामी एवढेच म्हणाल्या, "आता ते गेले, असं वाटतंय रे."

वाचकांनी घाबरण्याचे कारण नाही. आपण ज्या रकान्यात जाणार, तो आधीच आखून तयार आहे. फक्त तो खोडायला लावेल असे एखादे माणूस आपल्यामागे उरेल ना, एवढे आजच बघून ठेवावे.