पॅकेजमधले गृहस्थ

कार्यालयाचा नियम साधा होता: ज्याचा प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर चालेल, त्यालाच निवृत्त होता येईल. म्हातारे प्रोग्रामर एकतीस तारखेला मोकळे होणार होते. बायकोने मुलीकडे जायच्या बॅगा दाराशी आणून ठेवल्या होत्या.

त्यांचा प्रोग्राम शहरातल्या सगळ्या सरकारी खिडक्यांवर रांगेची टोकनं देणार होता. वरचा भाग पायथॉनमध्ये. आकडेमोडीचा जड भाग सी भाषेत लिहून कंपाइल केलेला, आणि तो एका लायब्ररीच्या, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या, जिवावर उभा. हे सगळे एकत्र बांधलेले पॅकेज पहिल्या खिडकीवर गेले आणि तिथेच आडवे झाले. लायब्ररी सापडेना.

"माझ्याकडे तर चालतंय," ते पुटपुटले.

"मग चूक खिडकीची," साहेब म्हणाले.

चूक प्रोग्रामरांचीच होती. पॅकेज बांधताना लायब्ररीचा पत्ता म्हणून त्यांनी स्वतःच्या संगणकावरचे स्वतःचे फोल्डर लिहून टाकले होते. खिडकीवरचा संगणक बिचारा ते फोल्डर आपल्या पोटात शोधत होता.

"साहेब, लायब्ररी पॅकेजमध्येच घालतो आणि पत्ता बदलतो. एक ओळ आहे. पाच मिनिटं लागतील."

"ओळ बदलायची म्हणजे सुधारणा समिती आली. ती वर्षातून एकदा बसते. परवाच बसून उठली." साहेबांनी चष्मा पुसला. "पत्ता तुमच्या संगणकाचा आहे ना? मग संगणकच पाठवू. तो पॅकेजचा भाग समजावा, असा आदेश काढतो."

संगणक गेला. त्याने पासवर्ड मागितला. पासवर्ड दुसऱ्याला सांगणे नियमबाह्य होते. संध्याकाळी पुरवणी आदेश निघाला: 'सदर पॅकेजमध्ये यापुढे संबंधित कर्मचाऱ्याचाही समावेश राहील.'

"आणि माझी निवृत्ती?"

"पॅकेजचा भाग काढला तर पॅकेज चालेल का? तुम्हीच सांगा, तुम्ही जाणकार."

बायकोचा फोन आला. "अहो, निघालात का?"

"निघालोय. चौदा नंबरच्या खिडकीकडे."

"नाही म्हणायचं तेवढं तुमच्यात कुणी घातलंच नाही," ती म्हणाली, आणि बॅगा उघडायला बसली.

तेव्हा खिडकीवर 'सिस्टीम बंद आहे' अशी पाटी दिसली तर चिडू नका. सिस्टीम एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे जाताना वाटेत असते. काल ती तुमच्याच मागे उभी होती, संगणक छातीशी धरून, धापा टाकत. "जरा पुढे जाऊ द्याल का?" असे त्यांनी तुम्हालाच विचारले.

तुम्ही मानही न वळवता म्हणालात, "काका, आधी टोकन घ्या."