बाजूले उभे राहा

बोलायचं ते मीच बोलायचं आणि नलूनं तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असा निर्णय आम्ही पुलगावात, आमच्या स्वयंपाकघरात, चहा पिता पिता घेतला. आम्ही म्हणजे मी. नलू (ही माझी बायको) तेव्हा लाडवांसाठी डिंक तळत होती. कढईत डिंक फुलत असताना तिला काहीही सांगितलं तरी ती "हो" म्हणते, हे छत्तीस वर्षांच्या संसारात मला उमगलेलं एकमेव गुपित आहे.

झालं होतं असं की आमची वर्षाली अमेरिकेत, पहिलटकरीण, आणि दिवस भरत आलेले. जावई भूपेंद्र कॉम्प्युटरमध्ये हुशार, पण घरात चहासुद्धा व्हिडिओ लावून करतो. वर्षालीच्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पलंगावर. म्हणजे बाळंतपण करायला सगळ्या जगात नलूच उरली, आणि नलूला अमेरिकेपर्यंत पोचवायला मी. (हे पोचवणं मी तेव्हा फार मोठं समजत होतो.)

व्हिसा मिळाला. भूपेंद्रनं तिकिटं पाठवली, जाणं नोव्हेंबरात, येणं एप्रिलात. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात मी ताराचंदचा सल्ला घेतला.

ताराचंदचं आमच्या घराला लागून किराण्याचं दुकान आहे, आणि तो चार दिवस दुबईला जाऊन आलेला आहे. तेव्हापासून आमच्या गल्लीत परदेश हा विषय त्याच्याकडे असतो.

"वासुदेवराव, व्हिसा म्हंजे काई नाई," तो म्हणाला. "खरा मामला उतरल्यावर हाय. थो खिडकीतला साहेब. त्याच्या मनात आलं तं तिथूनच वापस. दोन गोष्टी ध्यानात ठेवजा. एक, काम हा शब्द काढाचा नाई. काम म्हटलं का त्याले वाटते, हे इथं नोकरी कराले आले. आन् दोन, वापस याची घाई दाखवजा. तिकडं माझं सारं अडून हाय म्हणा."

खरं म्हणजे खिडकीची मला भीती वाटायचं काही कारण नव्हतं. चौतीस वर्षं मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला काढली. इथल्याच एका शाळेत हेडक्लार्क होतो. पोराची टीसी न्यायला आलेला बाप मला लांबून पाहूनच टोपी सरळ करायचा. "काय काम आहे?" हे माझं पहिलं वाक्य आणि "बाजूले उभे राहा" हे दुसरं. तिसऱ्या वाक्याची गरज सहसा पडत नसे. आता मात्र जन्मात पहिल्यांदा मी खिडकीच्या बाहेर उभा राहणार होतो.

म्हणून मी तालीम घ्यायचं ठरवलं. मी खिडकीच्या आत, चष्मा नाकावर ओढून. नलू बाहेर अंगणात, गाईच्या शेजारी.

"कशाले आल्या तुमी अमेरिकेत?" मी साहेबी आवाज काढला.

"पोरीचं बाळंतपण कराले. लय काम रायते जी त्याच्यात."

"काम म्हणू नको."

"काऊन?"

"वापस पाठवतेत."

"काऊन? कामाच्या माणसाले वापस पाठवतेत, न् बिनकामाच्याले ठेवून घेतेत का?"

नलूचं निम्मं बोलणं ह्या एका 'काऊन'वर (म्हणजे 'का'वर) चालतं. भाजीवाल्याला ती काऊन विचारते, डॉक्टरला विचारते, केळझरच्या गणपतीपुढे हात जोडून त्यालाही विचारते. साहेबाला विचारलं तर काय होईल, ह्या काळजीनं मी तालीम तिथंच थांबवली आणि वर सांगितलेला निर्णय पक्का केला.

गाय ताराचंदच्या स्वाधीन केली. निघता निघता गोठ्यात जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि आम्ही निघालो.

तिकडे उतरल्यावर दोन तास रांग. खिडकीतला साहेब तरुण होता, गोरापान, चेहरा अगदी कोरा. (असा चेहरा ठेवायला मला पंधरा वर्षं लागली होती.) त्यानं पासपोर्ट घेतले आणि विचारलं, "पर्पज ऑफ व्हिजिट?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. 'टू मीट अवर डॉटर' हे उत्तर मी विमानात सारा वेळ घोकत होतो. तोंडातून निघालं, "डिलिव्हरी."

साहेबानं मान वर केली. "डिलिव्हरी ऑफ व्हॉट?"

"बेबी, सर."

त्यानं आमच्या हातातल्या लाडवांच्या पिशवीकडे पाहिलं. "व्हेअर इज द बेबी?"

"नॉट येट, सर. डॉटर विल डिलिव्हर. नेक्स्ट वीक."

"अँड व्हॉट विल यू डू हिअर?"

ताराचंद डोळ्यांपुढे उभा राहिला. "नथिंग, सर," मी घाईघाईनं म्हणालो. "नो वर्क. आय डू नथिंग. इन इंडिया ऑल्सो आय डू नथिंग. आस्क माय वाइफ."

साहेबानं खरंच वाइफला विचारलं. काय विचारलं ते तिला कळलं नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काऊन जी? काय म्हणून राह्यला थो?"

"काउ?" साहेब म्हणाला.

इथं मी 'नो सर' म्हणून मोकळा होऊ शकलो असतो. पण भ्यालेल्या माणसाला साहेबाचा कुठलाच शब्द खोडवत नाही, आणि शिवाय घाई दाखवायची होती. मी म्हणालो, "येस सर. काउ. वन काउ. अॅट होम. वेटिंग फॉर मी."

"यू वेअर विथ द काउ? व्हेन?"

"एव्हरी डे, सर. मॉर्निंग, इव्हनिंग. आय मस्ट गो बॅक फास्ट. फिफ्टीन डेज मॅक्झिमम."

साहेबानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "युवर टिकिट सेज एप्रिल."

ह्यावर ताराचंदनं काहीच सांगितलेलं नव्हतं. साहेबानं दोन्ही पासपोर्ट एका लाल फोल्डरमध्ये टाकले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, "स्टेप असाइड, प्लीज."

बाजूले उभे राहा. चौतीस वर्षांत मी हे हजारो लोकांना म्हटलं असेल, आणि ते कुठे उभे राहतात, किती वेळ राहतात, हे एकदाही वळून पाहिलं नाही. त्या दिवशी मला त्या सगळ्या बापांची आठवण झाली आणि लाज वाटली.

आम्हाला एका खोलीत नेलं. तिथं फोन लावायची मनाई. परदेशी गोठ्यातली घाण देशात येऊ नये हे पाहणारा, हातमोजे घातलेला एक माणूस आला, "काउ?" म्हणाला आणि त्यानं माझे बूट काढायला लावून उलटे करून पाहिले. पुलगावहून निघताना मी गाईचा जो निरोप घेतला होता, तो शेणाच्या रूपानं बुटांच्या तळाला चिकटून अमेरिकेत आला होता. बूट धुवायला गेले. मी नुसत्या मोज्यांवर बसलो, आणि डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर पाहत होता.

आता मला मनापासून भीती वाटू लागली. बाहेर भूपेंद्र ताटकळत असणार. वर्षालीचे जेमतेम आठ दिवस उरलेले. आम्हाला इथूनच परत पाठवलं तर पोर परमुलखात एकटीच बाळंत होणार, आणि तेही कुणामुळे, तर बापाच्या इंग्रजीमुळे. माझे डोळे भरून आले.

"रडून काऊन राह्यले?" नलू म्हणाली. "काई नाई होत. मले बोलू द्या आता."

"तू बोलू नको वो, हात जोडतो."

तेवढ्यात एक बाई अधिकारी आली. रंग आपल्यासारखा, छातीवरच्या पट्टीवर नाव 'रीता'. माझा जीव भांड्यात पडला. तिचं हिंदी जरा वेगळ्या वळणाचं होतं, पण हिंदी होतं.

"आपको यहां आने को किसने बोला?" तिनं विचारलं.

"काऊन?" नलूनं विचारलं.

"मैं कौन? मैं अफसर हूं."

"थे दिसून राह्यलं. पन विचारून काऊन राह्यल्या?"

रीताबाई माझ्याकडे वळल्या. "ये बार बार कौन, कौन क्यों पूछती हैं?"

"मॅडम, काऊन मतलब क्यों."

"क्यों को कौन बोलते हैं?"

"हमारे वर्धा जिले में बोलते हैं."

त्यांनी फोल्डरमधला कागद वाचला. "और ये काउ?"

"वो अलग है, मॅडम. वो घर पे है."

रीताबाईंनी पेन खाली ठेवलं, कपाळ चोळलं आणि मला बाद करून नलूकडे खुर्ची वळवली. "माताजी, आप बताइए. यहां क्या काम है आपका?"

काम. त्यांच्याच तोंडून आला तो शब्द. मी नलूचा कोपर दाबला. तिनं माझा हात झटकला.

"काम?" नलू म्हणाली. "काम ही काम है, बाई. पहले पोरी की मालिश. फिर बच्चे की आंघोळ, धुरी, शेक. सव्वा महिना उसको थंडे पानी में हात डालने नहीं देना. बच्चा रोया तो मैं उठूंगी, वो सोएगी. जवाई अच्छा है, पन उसको कुछ नहीं आता. इत्ते बडे मुलूक में मेरी पोरी का मेरे सिवा कोई नहीं. तुमको मेरे को वापस भेजना है तो भेजो, बाई. लेकिन सव्वा महिने के बाद भेजो."

मी डोळे मिटून घेतले. आता पुढचं विमान कितीचं, एवढाच विचार मनात होता.

"मेरे जनम के टाइम पे मेरी नानी आई थी," रीताबाई हळूच म्हणाल्या. "ऐसे ही. उनको भी तीन घंटा बिठाया था."

नलूनं लगेच पिशवीतून डिंकाचा लाडू काढून पुढे केला. (सरकारी अधिकाऱ्याला, सरकारी खोलीत, कॅमेऱ्यासमोर. हेडक्लार्क म्हणून मी तो हात हवेतल्या हवेत पकडला.) रीताबाई हसल्या. लाडू घेतला नाही, पण हसल्या. मग माझ्या मोज्यांकडे बोट दाखवून त्यांनी नलूला विचारलं, "और ये? ये क्या करेंगे?"

नलूनं माझ्याकडे नीट पाहिलं. ती खोटं कधी बोलत नाही.

"ये मेरे को छोडने आए," ती म्हणाली.

दहा मिनिटांत शिक्के मारलेले पासपोर्ट हातात आले, धुतलेले बूटही आले. नलूला सहा महिने राहायची परवानगी होती. मी माझा पासपोर्ट उघडला, तारीख वाचली, बोटांवर मोजली, चष्मा पुसून पुन्हा मोजली.

"मॅडम, मिस्टेक झाली. इसमें पंद्रह दिन लिखा है."

"मिस्टेक नहीं, अंकल." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "आपने ही बोला. मैं कुछ नहीं करता, पंद्रह दिन मॅक्झिमम, गाय वेट कर रही है. रेकॉर्ड में आ गया."

एकदा नोंद झाली की खाडाखोड चालत नाही, हे मी लोकांना चौतीस वर्षं सांगत आलो. मी कागद परत दिला.

वर्षाली नवव्या दिवशी सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, आणि नाक (सगळे म्हणतात) माझ्यावर गेलं. पुढचे सहा दिवस त्या घरात मी सोडून सगळे कामात होते. भूपेंद्र दुपटी धूत होता. वर्षाली लाडू खात होती. नलू तर दिसायचीच नाही, नुसती ऐकू यायची.

निघायच्या दिवशी सकाळी नलू न्हाणीघरात पाटावर बसून, लांब केलेल्या पायांवर नातीला पालथी घालून अंघोळ घालत होती. आता पुन्हा हे कधी दिसायचं, म्हणून मी खांद्यावर टॉवेल टाकून हळूच दारात जाऊन उभा राहिलो. माझी सावली बाळावर पडली.

"काय काम हाय?" नलूनं मान वर न करता विचारलं.

"काई नाई. पाहाले आलो."

"मंग बाजूले उभे राहा."

मी बाजूला उभा राहिलो. तिसऱ्या वाक्याची गरज पडली नाही.