रोजंदारीवरचा बचावपटू

वैनगंगा बांबू महामंडळाच्या बल्लारपूर कार्यालयात शफी शेख हा फुटबॉलचा बचावपटू म्हणून नोकरीला होता. मंजूर पदांत बचावपटू असं पद नसल्यामुळे कागदोपत्री तो बांबू मोजणारा रोजंदार होता. बांबू त्याने आयुष्यात मोजला नव्हता. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण ज्यांची नेमणूक खरोखर बांबू मोजायला झाली होती, तेही मोजत नव्हते.

मैदानावर मात्र तो पक्का होता. त्याला चकवून चेंडू पुढे नेणारा गडी चंद्रपूर-गडचिरोलीत जन्मायचा आहे, असं पानठेल्यांवर बोललं जाई. अडचण एवढीच की बचावपटूचं काम म्हणजे काहीतरी होऊ न देणं, आणि न झालेल्या गोष्टीचा अहवाल मुख्यालयाला पाठवायचा कसा, हे महामंडळाला उमगत नव्हतं. पुढच्या फळीतल्या पोरांनी गोल मारले, त्यांची नावं वर गेली, ती पोरं कायम झाली. शफीच्या नावापुढे दरवर्षी ‘निरंक’ लिहिलं जाई.

जाहिदाशी त्याचा निकाहही त्या निरंकापाशीच अडला होता. जाहिदाचे अब्बा अहेरीच्या आठवडी बाजारात कापड विकत. रंग टिकेल की जाईल हे ते कापड चिमटीत धरून सांगत, आणि जावयाच्या बाबतीतही त्यांचं धोरण तेच होतं. रोजंदारी म्हणजे कच्चा रंग, असं त्यांनी निरोप्याजवळ स्पष्ट सांगून ठेवलं होतं. बकरी ईदेपर्यंत पोरगा कायम झाला तर ठीक, नाहीतर राजुऱ्याचा एक मास्तर तयारच होता.

अशा नाजूक काळात, १९९८ च्या डिसेंबरात, आंतरविभागीय फुटबॉल स्पर्धा भरली आणि उद्घाटनाला महामंडळाचे अध्यक्ष आले. उद्घाटनाची पद्धत ठरलेली होती. नारळ फुटायचा, हारतुरे व्हायचे, मग अध्यक्षांनी गोलसमोर उभं राहून चेंडूला लाथ मारायची. गोलकीपरने उलट्या बाजूला झेप घ्यायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि जाळीतल्या चेंडूसह अध्यक्षांचा फोटो निघायचा. गोलकीपर पोचू याला झेपेची दिशा कल्याण अधिकारी बोरकुटेसाहेबांनी आदल्या दिवशीच लेखी कळवली होती. शफीकडे टाळ्या होत्या.

अध्यक्षांनी धोतर सावरून लाथ मारली. चेंडू निघाला. तो इतका सावकाश निघाला की महामंडळातली एखादी फाइलसुद्धा त्याच्या पुढे गेली असती. पोचूने हुकुमाप्रमाणे झेप घेतली. जाळी उघडी पडली, चेंडू तिच्याकडे येऊ लागला, आणि हे दृश्य पाहून कोणत्याही बचावपटूला जे होतं ते शफीला झालं. टाळी वाजवता वाजवताच त्याचा पाय आडवा गेला. चेंडू मंडपावरून उडाला आणि पलीकडच्या नाल्यात पडला. फोटोत अध्यक्षांचा पाय अजून वर आहे, जाळी रिकामी आहे आणि शफी टाळ्या वाजवत आहे.

संघाचे प्रशिक्षक लटारूभाऊ हे मूळचे बांबू डेपोचे भांडारपाल. ते शफीला बाजूला घेऊन गेले.

“काऊन अडवला रे?”

“भाऊ, पाय आपोआप गेला.”

“मंग आता पायालेच नोटीस येईन.”

नोटीस शफीलाच आली. सदर कर्मचाऱ्याने कार्यक्रमातील चेंडू अनधिकृतपणे अडवून जाळीस तिच्या हक्काच्या गोलापासून वंचित ठेवले, याची कारणे दाखवावीत, असं तिच्यात होतं. चौकशीला तीन जणांची समिती बसली. अध्यक्षस्थानी बोरकुटेसाहेब, सोबत एक लेखापाल, आणि खेळाचे जाणकार म्हणून एक वनपाल, ज्यांचा मुलगा क्रिकेट खेळत असे.

“चेंडू कोणी मारला आहे, हे तुम्ही पाहिलं होतं का?” बोरकुटेसाहेबांनी विचारलं.

“साहेब, आमी चेंडू पाह्यतो. मारनारा कोन हाय ते पाहून अडवत नाई.”

लेखापालाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे कोणाचाही अडवता?”

“कोनाचाही.”

इतकी वर्षं हा माणूस मैदानात मोकळा फिरत होता, या विचाराने वनपालांनी पाणी मागवलं.

आरोप सिद्ध झाला, पण शिक्षा बसेना. फुटबॉलमधल्या अपराधाबद्दल बांबू मोजणाऱ्याला काढता येत नव्हतं, आणि बचावपटू तर कागदावर नव्हताच. शेवटी सर्व विभागांसाठी एक परिपत्रक निघालं. यापुढे चेंडू अडवण्यापूर्वी मारणाऱ्याचा हुद्दा तपासावा. वर्ग एकच्या अधिकाऱ्यांचा चेंडू अडवू नये. वर्ग दोनबाबत तारतम्य बाळगावं. शंका असल्यास मैदानावर हजर असलेल्या वरिष्ठांची तोंडी परवानगी घ्यावी.

पुढचा सामना आलापल्ली विभागाशी होता. त्यांच्याकडून पुढे खेळणारा गडी तिथल्या व्यवस्थापकांचा साळा निघाला. साळ्यांबद्दल परिपत्रकात काही नव्हतं. तो चेंडू घेऊन आला तेव्हा शफीने नियमाप्रमाणे हात वर करून परवानगी मागितली. मुख्यालयाला विचारून सांगतो, असं बोरकुटेसाहेबांनी मांडवातून कळवलं. तेवढ्यात गोल झाला. मध्यंतरापर्यंत परिपत्रक आलापल्लीच्या बचावफळीलाही मिळालं, आणि मग दोन्हीकडून असे गोल होऊ लागले की मोजणाऱ्याने खडू बदलून घेतला. गोलकीपर मंडळी झेपेच्या दिशेसाठी अर्ज करून बसली होती. प्रेक्षक बेहद्द खूश होते. बल्लारपुराने एवढे गोल जन्मात पाहिले नव्हते.

मार्च लागताच वार्षिक अहवाल गेला. गोलांत नऊपट वाढ. मुख्यालयाने उद्दिष्ट दुपटीचं दिलं होतं, त्यामुळे बोरकुटेसाहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. त्या प्रशस्तिपत्राखाली वरिष्ठांचा एक शेरा होता: बचावपटूंनी काही न केल्यामुळे ही प्रगती झालेली असल्याने बचावपटू अतिरिक्त ठरवून कमी करण्यात यावेत. ईद पंधरा दिवसांवर होती. अहेरीहून निरोप आला की मास्तर घर पाहून गेला, आणि जाहिदाने त्याला चहात साखर घातली नाही. शफीने त्या निरोपातला साखरेचा भाग दोनदा ऐकून घेतला आणि त्या रात्री जेवला नाही.

लटारूभाऊंनी त्याला सरळ बोरकुटेसाहेबांच्या समोर नेऊन उभं केलं.

“साहेब, हा पोट्टा अडवते बी चांगला, आन कोनाले सोडाचं तेबी आता शिकला. दोन्ही येनारा मानूस कुठी भेटते तुमाले?”

बोरकुटेसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. अध्यक्षांच्या बल्लारपूरच्या दालनाच्या दाराशी असाच माणूस हवा होता. आधीचा शिपाई मऊ पडला होता. त्याने मागच्याच महिन्यात सावली गावच्या पाच बुरडांना त्यांच्या बांबूच्या परवान्यांसह थेट आत सोडलं होतं, आणि अध्यक्षांना त्यांना खरोखर बांबू द्यावा लागला होता.

शफीला कायम करण्याची, सहा वर्षं न हललेली फाइल चार दिवसांत मंजूर झाली. जाहिदाच्या अब्बांनी नेमणुकीचा हुकूम चिमटीत धरून पाहिला, उजेडाकडे नेला, आणि ईदेच्या आठवड्यात निकाह लागला.

दारावर शफीचा खेळ खरा बहरला. त्याने कधी कोणाला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. माणूस डावीकडून आला की शफी डावीकडे असे, उजवीकडून आला की उजवीकडे, आणि साहेब मीटिंगमध्ये असत. आत अध्यक्षसाहेब वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत. सुरुवातीला येणाऱ्याचे पाय पाहायची शफीची सवय जात नव्हती. पुढे तो कपडे पाहू लागला, मग मागे जीप कोणाची उभी आहे ते. निवृत्त झालेले लटारूभाऊ पेन्शनच्या कामाला आले, तेव्हा त्यांनाही त्याने अदबीने बाकावर बसवलं. भाऊ संध्याकाळपर्यंत बसले. शेजारच्या बुरडाला ते कौतुकाने म्हणाले, “पाह्यलं का कसा उभा राह्यते? म्याच शिकवलो त्याले.”

तुम्हीही तिथे गेला होतात. अंगणाच्या कुंपणाला चांगला बांबू हवा होता. बाकावर सकाळपासून माणसं दाटीने बसली होती, दोघंतिघं भिंतीला टेकून उभी होती. तुम्ही बोरकुटेसाहेबांच्या साळ्याचं नाव घेतलंत. शफीने लगेच दार उघडलं, वर पंखा मोठा केला. चहा झाला, काम झालं, आणि बाकाकडे न पाहता तुम्ही जिना उतरलात. रात्री जेवताना घरी सांगितलंत की सरकारी कचेऱ्यांबद्दल लोक उगाच बोलतात. दारावरचा तो माणूस तर फार सज्जन, अडवाअडवी अजिबात नाही.