आप्पांची पाल आणि एक जून

खोटं ओळखण्याचं सरकारी काम पालींकडे असतं, आणि परवान्याशिवाय एकाही पालीला चुकचुकता येत नाही.

गुरुलिंगआप्पा मिटकरींच्या आडत दुकानातल्या पालीकडे वर्ग दोनचा परवाना होता. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे तिचा मुक्काम, खाली चौकटीत कागद. अकरा वर्षं त्या बाजारातला शब्द तिच्या नजरेखालून गेला. एकदा एका व्यापाऱ्याने गेल्या सालच्या हरभऱ्याला यंदाचा म्हटलं. ती एकदाच चुकचुकली. त्याने मुकाट्याने पोती उचलली आणि जाताना तिला नमस्कार केला. आप्पांची शाळा चौथीपर्यंतच, पण पालींच्या नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. कुणी काय म्हणालं, यापेक्षा ती कधी गप्प राहिली, यावरून ते माणूस ओळखत.

परवाना एकतीस मार्चला संपत होता. त्याच दुपारी तपासनीस दिनकर हिप्परगे आले. नापास पालीला तालुक्याच्या हद्दीबाहेर सोडून देतात.

"दहा विधानं करीन," हिप्परगे म्हणाले. "खरं असेल तिथे गप्प, खोटं असेल तिथे चुकचुक. एक चुकलं की परवाना रद्द."

"करा साहेब. बाई तयार आहेत."

"उंट अंडी घालतो."

वरून चुकचुक झाली. पुढची आठही नेमकी गेली. हिप्परग्यांनी चष्मा पुसला आणि शेवटचं, अगदी सोपं विधान केलं.

"माझी जन्मतारीख एक जून."

पाल चुकचुकली.

"सर्व्हिस बुकात नोंद आहे," हिप्परगे म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. "नापास."

"माझीबी एक जूनच हाय साहेब," कोपऱ्यातून तोलार केरबा म्हणाला. काट्यावर उभं राहून त्याची हयात गेली होती. "गुर्जींनी आख्खा वर्ग एकाच दिवशी जल्माला घातला."

पेन थांबलं.

"आई म्हणाली होती, दिवाळीतला आहे," हिप्परगे हळूच बोलले. "गुरुजी म्हणाले, दिवाळीचं शाळेत चालत नाही. पुढचा जून टाकला."

आप्पा गादीवरून उठले. "साहेब, बाईंचा परवाना आज कचेरी सुटेपर्यंत चालू आहे. तोवर त्या सांगतील ते कायद्याने खरं. विचारून घ्या."

कुणीतरी पंखा बंद केला. हिप्परग्यांनी मान वर केली.

"मी लक्ष्मीपूजनाला जन्मलो."

चुकचुक.

"भाऊबीजेला."

चुकचुक.

"पाडव्याला."

काहीच नाही. बाहेर टेम्पो भरणारे हमालही हात थांबवून उभे राहिले. इतकी मोठी शांतता त्या बाजाराने कधी तोललेली नव्हती.

"आईला शेवटपर्यंत आठवलं नाही," हिप्परगे म्हणाले. मग बोटांवर हिशेब करून ते सावकाश खाली बसले. "पण मग मला गेल्या दिवाळीतच अठ्ठावन्न पुरी झाली. म्हणजे मी पाच महिन्यांपूर्वीच निवृत्त झालोय. ही परीक्षा झालीच नाही, आप्पा. आणि परीक्षा नाही म्हणजे परवाना आज संपला."

"कलम चौदा," आप्पा म्हणाले. "तपासनीस आलाच नाही, तर तसा शेरा मारावा आणि परवाना वर्षभर पुढे चालू समजावा."

"शेरा कोणी मारायचा?"

"हजर असेल त्याने. आणि पालीसमोर मोठ्याने वाचायचा."

हिप्परग्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवलं, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि उभं राहून वाचल्या.

"एकतीस मार्च. तपासनीस आज इथे आलेच नाहीत."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. पाल त्या माणसाकडे एकटक पाहत होती. ती गप्पच राहिली.

आप्पांनी हात जोडले. केरबाने बसायला एक भरलेलं पोतं पुढे सरकवलं.

"पाव्हणं," तो म्हणाला, "कुठलं म्हणायचं आपण?"