दीड दिवसाचं चित्र

आमच्या पार्से गावात चवथीच्या सकाळी गणपतीवर टांगलेल्या माटोळीला फळं बांधून झाली, की आणखी एक काम उरायचं. कपाटामागचं चित्र काढायचं, पुसायचं आणि भिंतीवर लावायचं. कारण दुपारी दामू माश्तर गणपती बघायला येणार.

माश्तर आमच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. हात गणपतीला जोडायचे, पण नजर भिंतीवर फिरायची. विचारायचे मात्र काही नाहीत.

लग्न असो, बारसं असो, त्यांचा आहेर एकच : स्वतः काढलेलं चित्र. लग्नाच्या चित्रात नवरा-नवरी माडाच्या शेंड्यावर झोपलेली आणि विहिरीतून बांगडे पत्रं घेऊन बाहेर येणारे. बारशाच्या चित्रात पाळण्यात बाळाऐवजी डोंगर. ते बघून एका आजीने तिथल्या तिथे नातवाची दृष्ट काढली होती.

"डोळ्यांक मातसो त्रास होवंदी," डोळ्यांना थोडा त्रास होऊ दे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर्गात मी एकदा हुबेहूब आंबा काढून अभिमानाने दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. "आंबो बरो आसा. पण तो तुका बघता रे?" त्यानंतर कितीतरी दिवस मला आंबा खाताना संकोच वाटायचा.

बारावीनंतर वडील मला काजूच्या बागेत कामाला घेणार होते. माश्तरांनी त्यांची समजूत घातली आणि फॉर्म भरायला मला स्कूटरवर बसवून म्हापशाला नेलं. मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिलाच. निकालादिवशी ते चित्र घेऊन आले. आमचंच कौलारू घर, छप्पर खाली, मुळं वर, त्या मुळांनी आभाळाला लटकलेलं. आईने कौतुक केलं आणि ते कपाटामागे ठेवलं.

पुढच्या चवथीला घाईत तिने दोरी भलत्या बाजूला बांधली. माश्तर आत आले तेव्हाच ते तिच्या लक्षात आलं. चहाचा कप हातातच राहिला. माश्तर मान वाकडी करून बघत राहिले.

"तुज्या आवशीन घर सरळ केल्यान," मला म्हणाले, आणि फराळातली नेवरी उचलली.

मी माफी मागायला दारापर्यंत गेलो. त्यांनी मागे वळून खिळ्याखाली बोट दाखवलं. तिथे चुन्याची ताजी भुकटी पडली होती. अशी भुकटी ते दर वर्षी घराघरांत बघत होते; चित्रं त्यांच्यापुरतीच भिंतीवर येतात, हे त्यांना ठाऊक होतं. बायको होती तोवर, त्यांनी सांगितलं, चित्रं त्यांच्याच घरात असायची. ती कुरकुरायची, पण रोज पुसायची. ती गेली, घरात चित्रं बघणारं कोणी उरलं नाही, म्हणून ते ती लोकांना वाटून टाकायला लागले.

"एक दिस तरी खिळो मारतत," ते म्हणाले. "गणपती सुदीक दीडच दिस रवता मरे."

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. माश्तरांना आवडलं असं समजून ती दर चवथीला चित्र तसंच, घर सरळ ठेवून, लावत राहिली.

यंदा चवथीच्या पंधरा दिवस आधी माश्तर गेले. तरी सकाळी आमच्या वाड्यावर हातोड्यांचे आवाज आलेच. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गणपती पोचवून आम्ही परतलो. आई खुर्चीवर चढली. मला वाटलं, चित्र आता कपाटामागे जाणार. तिने ते उतरवलं, दोरी सोडली, दुसऱ्या बाजूला बांधली आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावलं. छप्पर खाली, मुळं वर.

मग खाली उतरून ती मान वाकडी करून बघत राहिली.